उजवी भुवई

‘काकू, दुखलं तर सांगा हां, मी थांबते,’ असं म्हणून त्या पार्लरवाल्या मुलीनं दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि ती माझ्या डाव्या भुवईवर वाकली. रत्नागिरीच्या मारुती आळीतल्या त्या जिन्यावरच्या खोलीत मी काही हौसेनं गेले नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईनं, त्यातही टपाल कचेरीच्या काउंटरवर अर्धा जन्म काढलेल्या बाईनं, भुवया कोरायला जायचं म्हणजे लोकांना हसायला आयतं निमित्त. पण राहीनं, माझ्या लेकीनं, हट्टच धरला होता. तिच्या मुलीचं बारसं आठवड्यावर आलं होतं, आणि लग्नाला पाच वर्षं होत आली तेव्हा कुठे पाळणा हलला, तर आजीनं जरा माणसात दिसावं, असं तिचं म्हणणं. पार्लरवाली मुलगी बोलघेवडी होती. मुंबईला आता सुईनं टोचून कायमच्या भुवया काढून देतात म्हणे, ओठांतसुद्धा रंग भरतात, असं ती सांगत होती. ‘पुढे पंधरा दिवस जपावं लागतं फक्त.’ त्या ‘फक्त’पाशी मी खुर्चीचे हात धरले. दोरा सरसरत गेला, डोळ्यांत पाणी आलं, मी नुसतं ‘स्स’ केलं आणि ती लगेच थांबली. खरंच थांबली. हात वर धरून म्हणाली, ‘दुखलं का? जरा दम खाऊ या.’ मी खुर्चीतून उठले, गळ्यातला टॉवेल काढून तिच्या हातात दिला आणि जिना उतरू लागले. वरून ती ओरडत होती, ‘अहो काकू, उजवी राहिलीय!’

उजवी राहिलीय. मला काय ते ठाऊक नव्हतं? रस्त्यावर उन्हात उभी राहिले तर डावी भुवई चुरचुरत होती आणि तिच्यावर बोट टेकवायचा धीर होत नव्हता. लहानपणी मला झोप यायची ती दुसऱ्याच्या भुवईवर बोट फिरवून. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि माझी बहीण दमयंती तेरा वर्षांची. आमचे बाबा गलबतावर. महिना महिना नाटे गावातल्या आमच्या घरी फिरकायचे नाहीत. समुद्रावरून वारा सुटला की कौलं वाजायची आणि मी घाबरून दमूतायच्या गोधडीत शिरायची. तिच्या भुवया अशा दाट होत्या की नाकावर एकमेकींना भेटायच्या. मी अंगठा आधी केसांच्या वळणानं फिरवायची, मग उलटा. उलटा फिरवला की केस उभे राहायचे आणि ती झोपेतच म्हणायची, ‘गप नीज गो.’ आजही कधी डोळा लागत नसला की माझा अंगठा उशीच्या शिवणीवर तसाच फिरत राहतो. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं की हे काय चाळे. मी सांगितलं, सवय.

त्या भुवया गेल्या तेव्हा मी बारा वर्षांची होते. अठराव्या वर्षी दमूतायचं लग्न झालं, एकविसाव्या वर्षी सासरच्या माणसांनी तिला आमच्या पडवीत आणून सोडलं आणि पाणीसुद्धा न घेता ते परत गेले. कपाळावर उजवीकडे आणि दंडावर फिकट चट्टे होते. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही. अजूनही लिहिताना माझा हात अडतो. महारोग. लिहिलं. सकाळी तिची चटई झाडताना बारीक बारीक केस सापडायचे, ते ती चिमटीत धरून माडाच्या आळ्यात टाकायची, नखं टाकावीत तसे. हळूहळू दोन्ही भुवया गेल्या. सुकी मासळी खारवून, वाळवून सगळं तीच करायची, पण बाजारात ती शेजारच्या बाईच्या हातून विकायला द्यावी लागे, कारण तिच्या हातून कुणी घेत नसे. त्या मासळीवर मी मॅट्रिक झाले. पुढे तपासणीवाले डॉक्टर गावात आले, त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्या तिनं वर्षानुवर्षं एक दिवस न चुकवता घेतल्या आणि शेवटी ‘पूर्ण बरी’ असा शिक्का मारलेला कागद मिळवला. तो कागद ती पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवायची. पण कागद काही कपाळावर चिकटवून हिंडता येत नाही. भुवया नसलेला चेहरा लोक दुरून ओळखतात.

चौऱ्याऐंशी साली राहीचं लांज्याला जमलं. घर चांगलं, माणसं शब्दाला पक्की, आणि मी धास्तावलेली. दमूताय लग्नाला येणार, पुढे बसणार, आणि विहीणबाईंचं लक्ष तिच्या कपाळाकडे जाणार. एकुलत्या एका लेकीचं जमलेलं मोडेल ह्या भीतीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. गोंदवून घ्यायची कल्पना माझी. दमूतायनं मागितलं नव्हतं. हे मी पाच वर्षं स्वतःपासून लपवलंय, म्हणून इथे नीट सांगते. हातखंब्याच्या तिठ्यावर एक घाटावरची बाई उन्हाळ्यात बसायची, चिमा नावाची. बायकांच्या हातावर तुळस, कपाळावर ठिपका असं गोंदायची. दमूतायला मी नाट्याहून रत्नागिरीला आणवलं आणि चिमाला घरी बोलावलं. दिव्याच्या काजळीत कसल्याशा पाल्याचा रस खलून तिनं रंग केला, दोऱ्यानं बांधलेल्या सुया त्यात बुडवल्या आणि दमूतायला भिंतीशी बसवलं. डावी भुवई टोचताना दमूतायच्या पायाची बोटं आवळली जात होती. उजवीला हात घातला आणि दमूताय आरामात मला विचारायला लागली, ‘लग्नात केळीची भाजी करणार काय गो? आचाऱ्याला सांग, खोबरा बेतान घाल.’ चिमाचा हात थांबला. तिनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘हिला हितं कळत न्हाई का?’ मी म्हटलं, ‘ती सोशिक आहे.’ चिमानं पुढे काही विचारलं नाही. सगळं समजलं असणार तिला. जाताना पथ्यं सांगितली: आठ दिवस पाणी नको, चुलीचा धूर नको, मासळी नको; हळद घालून कढवलेलं खोबरेल पिसानं लावायचं; खपली धरेल, खाज येईल, हात लावायचा नाही. ‘खपली आपली आपण पडू द्या. ओढली तर रंग तिच्यासंगं जातोय.’ मग दारात चप्पल घालताना मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘उजव्या अंगाला तुम्ही ध्यान द्या, बाई. जिथं दुखत न्हाई तिथं दुसऱ्यानं जपायचं असतंय.’

पुढचे पाच दिवस फार चांगले गेले, हेच आता जास्त सलतं. मी रजा काढली होती. सकाळ-संध्याकाळ दमूतायला खिडकीपाशी बसवून कोंबडीच्या पिसानं तिच्या भुवयांवर तेल लावायची. ती डोळे मिटून चेहरा वर करायची, आणि लहानपणापासून तिनं माझं केलं त्यातलं चिमूटभर का होईना आपण परत करतोय असं मला वाटायचं. तिची कुरकुर मासळीपायी. ‘आठ दिवस मासळी नाय म्हंजे माज्या अंगात मूग उगवतील गो,’ म्हणायची आणि आमचे हे बाजारातून सुरमई आणायचे बंद झाले म्हणून त्यांनाही चिडवायची. दुपारी राही तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. एकदा मी स्वयंपाकघरातून आले तर दमूताय माझ्या लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी होती. भुवया तेव्हा सुजलेल्या, काळ्याकुट्ट, खपलीनं जाड झालेल्या. सुरवंट चिकटल्यासारख्या दिसत होत्या. पण ती हसत होती. मला पाहून ओशाळली. ‘आयशीसारखी दिसतंय काय गो मी?’ मला आईचा चेहरा आठवतही नव्हता. मी म्हटलं, ‘हुबेहूब.’

पाचव्या दिवशी संध्याकाळी लांज्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर विहीणबाईंची चिठ्ठी आली. साखरपुड्याआधी एकदा साड्यांचं बोलून घेऊ, उद्या दुपारी येते. बस्स, एवढंच. आता शांतपणे विचार केला तर किती साधी गोष्ट. बहीण आठ दिवसांसाठी शेजारी राहिली असती, काहीही. पण माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की विहीणबाई येणार आणि ही अशी काळ्या खपल्या घेऊन समोर बसणार. खाली कोरीव भुवया तयार आहेत, वरचं कवच तेवढं निघालं पाहिजे. सकाळी मी कोमट पाणी आणि मलमलचा तुकडा घेऊन बसले. चिमाचा शब्दन् शब्द मला आठवत होता. नव्हता असं मी म्हणणार नाही. दमूताय म्हणाली, ‘आज सहावा दिवस ना गो?’ मी म्हटलं, ‘चांगली वाळलीय. जरा भिजवून काढते.’ ‘काढ,’ ती म्हणाली. तिनं मला कधी नाही म्हटलंच नव्हतं. डावीकडून सुरुवात केली. पहिलीच खपली सुटली आणि तिनं ‘आय गो’ करून माझं मनगट धरलं. मी थांबले. डावीला पुन्हा हात लावला नाही. मग उजवी. उजवी भिजवली, कडेनं नख घातलं, सोललं. दमूताय खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, ‘शेजारच्या आंब्याला औंदा बरा लागलाय.’ मी सोलत गेले. दुखलं नाही म्हणून मी थांबले नाही. टोकापर्यंत गेले. मलमल पाहिली तर ती काळी झाली होती, आणि त्या काळ्याच्या कडेनं लाल. वर पाहिलं तर दमूतायच्या उजव्या डोळ्यावर भुवई नव्हती, रंग नव्हता, ओली गुलाबी चीर होती आणि तिच्यातून रक्ताचा एक ओघळ पापणीवर उतरत होता. पापणीवर आला तेव्हा कुठे तिला कळलं. बोट लावून बघितलं आणि मला विचारलं, ‘काय झाला?’

मी काय सांगितलं असेल? ‘काही नाही, जरा पाणी जास्त झालं.’ कापूस दाबला, हळद भरली. साडेबाराला विहीणबाई आल्या. मी दमूतायला मागच्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि हसून सांगितलं की बहिणीचे डोळे आलेत, म्हणून बाहेर येत नाही. त्या उन्हाळ्यात गावभर डोळे आले होते, त्यामुळे खोटं अगदी चपखल बसलं. विहीणबाई भल्या बाई. दाराबाहेर उभ्या राहून आत हाक मारली, ‘दमूताई, गुलाबपाणी घाला हो डोळ्यांत. लग्नाला बरं व्हायला हवं.’ आतून आवाज आला, ‘घालीन हो.’ इतक्या सहज म्हणाली, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच हिचे डोळे आलेत. साड्यांचं बोलणं दोन तास चाललं. मी चहा केला, पोहे केले. आत काही नेऊन दिलं नाही; दार उघडलं तर दिसेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती नाट्याला निघाली. पदर कपाळावर ओढून घेतला होता. मी स्टँडवर गेले. तेलाची बाटली आणि पीस कागदात गुंडाळून दिलं आणि टपालखात्याच्या माणसासारखी सूचना सांगितली: ‘सकाळ-संध्याकाळ उजवीला लावायचं. मी येऊन बघेन. मी बघेपर्यंत थांबवायचं नाही. मग साखरपुड्यानंतर चिमाला गाठून पुन्हा गोंदवू.’ ती मान हलवत होती. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, ‘तू काय मनाला लावून घेऊ नको हां, बाय. मना काय दुखला नाय.’ मी त्या वाक्यावर पाच वर्षं काढली. कधी वाटलं, तिनं माफ केलं. कधी वाटलं, ह्याहून मोठी शिक्षा कुणी कुणाला देऊ शकणार नाही.

चिमा पावसाआधी घाटावर गेली ती परत तिठ्यावर दिसली नाही. लग्नाला दमूताय आली नाही. कंडक्टरच्या हाती राहीच्या ओटीसाठी नारळ आणि तांदूळ पाठवले, आणि निरोप, की डोळे अजून आलेले आहेत असं सांग. माझं खोटं तिनं स्वतःच्या हातानं पुढे चालवलं, मला सोपं जावं म्हणून. आणि मी ते चालू दिलं. मी गेले नाही. आधी लग्नाची धावपळ, मग ह्यांचं आजारपण, मग पावसाळा. कारणांना काय तोटा. दुसऱ्यांची पत्रं मी रोज शेकड्यानं हाताळते, पण माझ्या हातून नाट्याला एक पोस्टकार्ड गेलं नाही. खरं कारण एवढंच, की मला ती भुवई बघायची नव्हती. विहीणबाई दर भेटीत विचारतात, ‘तुमच्या बहिणीचे डोळे काय म्हणतायत?’ विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी असते की आणखी काही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांना ठाऊक असलं तर मी दमूतायला उगाच सोललं. ठाऊक नसलं तरी उगाचच. परवा राही बाळाला पाजता पाजता म्हणाली, ‘मावशी आली नाही तर बारसंच नको. आणि पत्रबित्र पाठवू नकोस. स्वतः जा.’ मी म्हटलं, बघू. तिनं मान वर न करता विचारलं, ‘तू घाबरतेस का गं तिला?’ त्यावर मी तिच्यावर ओरडले, आणि मग पार्लरात गेले.

मारुती आळीतून मी घरी न जाता तशीच स्टँडवर आले. शेजारच्या दुकानातून राहीला निरोप पाठवला आणि राजापूरची गाडी धरली. हातखंब्याच्या तिठ्यावर चिमा बसायची तिथे आता टायरवाल्याचं दुकान झालंय. लांज्याला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा मी विहीणबाईंच्या ओळखीचं कुणी चढेल म्हणून पदर कपाळावर ओढला. आणि ओढला तो तसाच हातात धरून बसले, कारण ही पदर ओढायची तऱ्हा माझी नव्हे, तिची होती. मी तो खाली केला. समोरची बाई माझ्याकडे बघून हसू दाबत होती. एक भुवई कोरलेली, लाल, दुसरी जंगलासारखी. बघेना का. राजापूरला गाडी बदलली. पुढे कातळ सुरू झाला, मग आंब्यांचा मोहोर, मग उतार आणि खाडीचा खारट वास. ती दार लावून घेईल अशी भीती नव्हती. ती दार उघडेल, चहा टाकेल आणि काहीच म्हणणार नाही, ही भीती होती.

दमूताय पडवीत सुपात सुकट निवडत बसली होती. उन्हं कलली होती. पावलं ऐकून तिनं वर पाहिलं आणि डोळ्यांवर हात धरला. मग तिचं सगळं अंग हसायला लागलं. ‘अगो सावित्री! तुजी एक भिवय कोणी नेली?’ मलाही हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं, उभ्या उभ्या, अंगणात. ती सूप बाजूला ठेवून उठली, पाणी आणलं, माझी पिशवी घेतली. पिशवीत काही नव्हतं. पाच वर्षांनी आले आणि रिकामी आले. मी बारशाचं सांगितलं. राहीला मुलगी झाली म्हटल्यावर तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, मग सोडून विचारलं, ‘आणि तुजी वियीन येल ती? तिला काय सांगशील? माजे डोळे अजून आलेलेच हायत?’ त्यात टोमणा नव्हता. खरंच ठरवून घ्यायचं होतं तिला, म्हणजे त्याप्रमाणे वागता येईल. मी म्हटलं, ‘सांगेन, ही माझी मोठी बहीण. हिनं मला वाढवलं. बाकी त्यांनी विचारलं तर बाकीही सांगेन.’ तिनं सुपातली एक काडी उचलून लांब टाकली.

तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. डावी भुवई चिमानं काढली तशीच होती, काळी आता हिरवट झालेली, आईसारखी की कुणासारखी कोण जाणे. उजवीकडे साधी फिकट कातडी, आणि ती चकचकत होती. खांबाच्या खिळ्याला सुतळीनं बाटली टांगलेली होती. मीच दिलेली, मापाच्या खुणा असलेली औषधाची बाटली. आत तेल पिवळंधमक, ताजं, आणि बुचात खोवलेलं कोंबडीचं पीस. मी विचारलं, ‘हे काय? अजून लावतेस?’ ‘लावतंय तर,’ ती म्हणाली, ‘सकाळ-सांज. तूच सांगितलंस ना, मी येऊन बघीपर्यंत थांबवू नको म्हणून. तू आलंस खय?’ आणि माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईनं पुढे म्हणाली, ‘तेलाला काय, घरचाच नारळ. आता आलंस ना, बघ.’ तिनं खांबाला पाठ लावली, चेहरा उन्हाकडे केला आणि डोळे मिटले, त्या खिडकीपाशी मिटायची तसे.

मी अंगठा टेकवला. केसांच्या वळणानं फिरवला, मग उलटा, केस नव्हते. कातडी मऊ होती, कुठे चीर नाही, खड्डा नाही. केव्हाच भरून आली होती; पहिल्या महिन्यातच आली असणार. ‘दुखलं तर सांग हां,’ मी म्हटलं. ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, ‘मना तिथा काय कळत नाय गो. काय ता तूच बघ. बरा झाला काय?’

मी बुचातलं पीस काढलं, तेलात बुडवलं. ‘अजून थोडे दिवस लावायला हवं,’ मी म्हटलं. ‘रत्नागिरीला चल. मी लावीन.’